प्रल्हादचा नंबर

स्टीलच्या भांड्याले गंज चढत नाही, हे तुमाले माहीत हाये. मले बी तेवढंच माहीत होतं. पन भांडं वेगळं अन् वेल्डिंग केलेला पाईप वेगळा. अनुभट्टीचं पानी ज्या पाईपातून जाते, त्या पाईपाले नुसतं मीठ लागलं तरी घात होते. तो काळा पडत नाही, त्याच्यावर तांबडं येत नाही, चकाकते तसाच चकाकत राह्यते, अन् आतल्या आत चिरत जाते. हे मी पुस्तकात नाही वाचलं. चवथीनंतर माह्यी शाळा सुटली ते सुटलीच. मी हे डोळ्यानं पाह्यलं. दिवाळीच्या अंकात तुमच्या कामाचं लिहा म्हनले, तर मी सांगत गेली अन् माह्यी सून लिहीत गेली. तिनं मधात कुठं भाषा सुधारली असन तर तिचं तिले माहीत.

माह्ये मालक गेले तवा लेकरं लहान होती. वावर नव्हतं. सोयाबीन सोंगाले गेली, दालमिलात झाडू मारला, लोकाच्या घरच्या गोधड्या शिवल्या. रडत बसाले टाईम नव्हता म्हनून रडली नाही, असं लोकं म्हनतात. खरं म्हंजे रडून झालं की परत कामाले लागत होती, ते कोनाले दिसलं नाही.

जऊळक्याच्या टेशनापासून पुढं एका शेठजीचं वर्कशॉप होतं. शेठजी मंगरूळचे, जैन मानूस. बापाचं धान्याचं दुकान, पन याहिले लोखंडाचा नाद. आधी दालमिलाच्या टाक्या बनवत. मंग एका मोठ्या कारखान्यानं अनुवीज केंद्राचं पाईपाचं काम घेतलं, अन् त्यातला एक तुकडा आमच्या शेठजीले भेटला. मी तथी झाडाले लागली अन् पुसनारी झाली.

गावातल्या बाया विचारत, "काय वं वच्छले, अनू बनवून राह्यली म्हनते तथी?"

मी म्हनो, "हो ना. सांजच्याले दोन आनून देतो, भाजीत टाकजो."

पुसनारीचं काम सांगतो. वेल्डिंगच्या आधी जोड पुसाचा, नंतर पुसाचा, तपासनीच्या आधी परत पुसाचा. घरच्या फडक्यानं नाही, कोऱ्या पांढऱ्या सुती कपड्यानं. बोरच्या पान्यानं नाही, आमच्या इकडचं बोरचं पानी किती खारं ते तुमाले सांगाले नको. बाटलीतलं निर्मळ केलेलं पानी, अन् एक स्पिरिटासारखं औषध. त्या औषधानं हाताची सालं निघत. हातमोजे होते, पन ते माह्या हातासाठी नव्हते, पाईपासाठी होते. घामात मीठ असते ना. वैशाखात शेडमंधी उभी राहून कपाळाचा घाम पाईपावर पडू द्याचा नाही, याच्यासाठी मी कपाळाले पट्टी बांधत होती. खडूनं खून कराची नाही. लोखंडाचा ब्रश लावाचा नाही. जवळ बसून भाकर खाची नाही.

हे सगळे नियम नलिनी मॅडमचे. मॅडम बेळगावाकडल्या, मोठ्या कारखान्यानं तपासनीले ठेवलेल्या. अंगानं बारीक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. आवाज कधी चढवला नाही, पन त्या शेडात आल्या की ग्राइंडर बी हळू फिरते असं वाटे.

पहिली गाडी भरून निघाली तवा शेठजीनं नारळ आनला. पाईपावर फोडाचा, पान्याचे चार थेंब शिंपडाचे, असं त्याहिच्या मनात. मॅडम आडव्या झाल्या.

"शेठजी, नारळाच्या पाण्यात बी क्षार असतात की हो. पाईपावर नको."

"अहो मॅडम, देवाचं काम हाये!"

"देवाचंच आहे म्हणून म्हणते. टायरापुढं फोडा. ओढणार तर टायरच आहे की."

शेठजी मोठमोठ्यानं हासले अन् टायरापुढं फोडला. आमाले सगळ्याईले खोबरं भेटलं, पन हात धुऊन. मी बुद्धाच्या घरची, नारळ काही फोडत नाही, पन खोबऱ्याले नाही म्हनत नाही.

मॅडमले मी एक डाव विचारलं, "मॅडम, येवढं मजबूत स्टील, त्याले मिठाची येवढी भीती काहून?"

दुसरं कोनी असतं तर म्हनलं असतं, तुले काय कराचं, पूस. मॅडम खाली बसल्या, एक तुकडा घेतला. म्हनल्या, वेल्डिंग करताना जोडाच्या कडेची पट्टी भाजून निघते, तिचा कस जातो. वरून जोड थंड होताना आकसते अन् त्या पट्टीले ओढत राह्यते. दिसत नाही, पन ओढ असते. कस गेलेला, वरून ओढ, अन् त्यात मीठ अन् तापलेपन आलं की बारीक चिरा पडाले लागतात. भट्टीवर हा पाईप लागला की आतून तापलेलं पानी जोरानं वाहत राह्यते, वर्षानुवर्षं. अन् एकदा भट्टी चालू झाली की त्या जागी मानसाले सहजी जाता येत नाही. म्हनून जे पाहाचं ते इथंच पाहाचं.

मले लगेच समजलं. मी गोधड्या शिवलेली बाई. ठिगळ लावलेलं लुगडं शिवनीच्या दोऱ्यात नाही फाटत, शिवनीच्या बाजूले फाटते. मी तसं म्हनली तर मॅडम म्हनल्या, "हां, तसंच."

आता प्रल्हादचं सांगतो. प्रल्हाद मानोऱ्याकडल्या तांड्यावरचा. मायबाप ऊसतोडीले जात, हा साखर कारखान्यावर गाड्या दुरुस्त करनाऱ्याच्या बाजूले बसून बसून वेल्डिंग शिकला. पुढं परीक्षा देली अन् अशा कामाचा पास झालेला वेल्डर झाला. पास झालेल्या वेल्डरले नंबर भेटते. त्याचा सात. प्रत्येक जोडाच्या बाजूले तो आपला नंबर ठोके, बोथट पंचानं, अगदी हळू, जसं झोपलेल्या लेकराले हात लावावा, कारन टोकदार पंचानं स्टीलले दुखते. उद्या जोड बिघडला तर नंबर सांगते कोनाचा हात. नंबर गेला की मानूस परत गेट-खिडक्या जोडाले लागला. असं काम त्याले कोनी देत नाही.

त्याचा जोड पाहाले मी उभी राहत होती. एकावर एक रुपयाचे शिक्के मांडून थोडे ढकलले तर कसे दिसतात, तसा. त्याले कोनी वा म्हनलं की तो म्हने, "आतून पाहा, बाहेरून तं कोनीबी करते."

वर्कशॉपच्या मागं कामगाराच्या खोल्या होत्या. तथी प्रल्हाद अन् त्याची बायको शांती राहत. शांती बोलाले फटकळ, हाताले चव. तिच्या ताकातल्या मिरच्या म्हंजे काय सांगू. मिरच्याले चीर द्याची, मीठ घातलेल्या ताकात भिजवाच्या, दिवसा उन्हात वाळवाच्या, रातच्याले परत त्याच ताकात, सकाळी परत उन्हात. ताक सरेपर्यंत असं चालते. मंग तळून खिचडीसंगं खाच्या.

त्या वर्षी वैशाखात वादळ आलं अन् शेडाचे पत्रे उडाले. तयार पाईप बाहेर काढून लाकडाच्या ओंडक्यावर ओळीनं ठेवले, वर प्लास्टिक बांधलं. मॅडम तवाच सुट्टीवर, त्याहिची माय बिमार होती. तपासनी बंद, म्हनून मले बी घरी पाठवलं. प्रल्हाद बी तांड्यावर गेला, शांती तेवढी खोलीवर राह्यली. मी हळद उकडाच्या कामाले गेली. वर्कशॉप पाह्यत होता मोहिते सुपरवायझर. मानूस वाईट नव्हता, पन त्याले सगळं लवकर पाह्यजे.

आम्ही परत आलो तवा पत्रे बसले होते, पाईप आत होते, धुतलेले, चकचकीत. मॅडम आल्या त्या रोजी शांतीनं त्याहिले खिचडी अन् मिरच्या देल्ल्या. मॅडमनं डोळे मिटून खाल्ल्या.

"शांती, बेळगावला न्यायला दे की थोड्या."

"थोड्या कायले, डब्बा भरून नेजा."

पोळा झाला अन् पाईप पाठवाची वेळ आली. मॅडम म्हनल्या, बाहेर पडून होते, परत एक डाव डीपी करू. डीपी म्हंजे रंगाची तपासनी. जोडावर लाल रंग लावाचा, थांबाचं, चिरेत रंग मुरते. मंग वरचा रंग पुसून टाकाचा, ते माह्यं काम. मंग पांढरी पावडर फवाराची. चीर असन तर आत मुरलेला लाल रंग पावडरीवर वर येते. नसन तर पांढरं ते पांढरं. त्या पांढऱ्याकडं पाहत उभं राहाचं, बस. माह्या सगळ्या कामात ते उभं राह्यनं मले सगळ्यात जड वाटे.

पहिल्या पाईपाच्या जोडाले पावडर मारली. मी पाहून राह्यली. आधी काही नाही. मंग जोडाच्या कडेले, तांदळाच्या दाण्याएवढं सोडून, एक लाल केस उमटला. मंग त्याले फाटा फुटला. मंग फाट्याले फाटा. जसं रोपटं उपटलं की मुळी दिसते, तसं.

प्रल्हाद मांगं उभा होता. त्यानं हातातला कपडा घडी घालून खिशात ठेवला.

मोहिते म्हनला, "झालं! प्रल्हाद, हात बिघडला का रे तुहा? मॅडम, याचा नंबर काढा, दुसरा वेल्डर लावू. अन् हे ग्राइंडरनं घासून टाकू, दिसनार बी नाही."

"दिसणार नाही," मॅडम म्हनल्या, "पण असणार की."

भिंग काढलं, पाईपाजवळ गुडघे टेकून बसल्या. लय वेळ. मंग म्हनल्या, "मोहिते, हा हाताचा दोष नाही वाटत मला. हाताचा असता तर जोडात असता. हा जोडाच्या बाजूला आहे, अन् बाहेरून आत गेलाय. असा फांद्यांचा तडा मिठानं पडतो. पण इथं समुद्र नाही. मीठ आलं कुठून?"

"पुसनारी बोरचं पानी वापरते असन," मोहिते माह्याकडं पाहून बोलला.

मॅडमनं मले विचारलं, "वच्छलाबाई, पाणी कुठलं?"

"तुमी देल्लं ते. बाटली तुमच्यापुढं हाये, तपासा."

त्याहिनं खरंच तपासलं. मले राग नाही आला. तपासलं म्हनूनच तर माह्या नावावर राह्यलं नाही.

मोहिते ऐकाले तयार नव्हता. मोठ्या कारखान्याले सांगाचं काय? मीठ आकाशातून पडलं? वेल्डर बदलला म्हनलं की ते गप्प बसतात. मॅडम म्हनल्या, "उद्यापर्यंत थांबा. मीठ, अन् ते बी ओलं होऊन वाळलेलं, परत ओलं होऊन वाळलेलं, अन् पाईप चटका बसण्याएवढा तापलेला. असं कुठं झालं ते सापडलं नाही तर मी बी काय बोलणार."

शांती दारात प्रल्हादचा डब्बा घेऊन उभी होती. डब्बा तिनं खाली ठेवला अन् निघून गेली. मले वाटलं नवऱ्याचा नंबर जाऊन राह्यला म्हनून गेली.

दुसऱ्या रोजी सकाळी आम्ही सगळे शेडात. शांती आली. डोक्यावर पदर, हातात चिनी मातीची बरनी. सरळ मॅडमपुढं गेली अन् बरनी टेबलावर ठेवली.

"हे पाहा तुमचं मीठ."

"काय गं हे?"

"मिरच्या. तुमी खाल्ल्या त्या. पाईपावर वाळवल्या. खाली बकऱ्या तोंड घालतात, कोंबड्या उकरतात. पाईप उंचावर, स्वच्छ, तव्यासारखे तापलेले. प्लास्टिक सारलं, जुनं लुगडं टाकलं, वर मिरच्या. ताक गळे खाली. रोज नेल्या, रोज टाकल्या."

प्रल्हाद बोलला, हळू आवाजात. "शांते, घरी सांगतीस ना मले."

"घरी सांगतलं असतं तर तू म्हनला असता, गप बस, माह्यावर येऊ दे. मले माहीत नाही का तू?"

मोहिते हासला. "मॅडम, नवऱ्याले वाचवाले बाईनं रातोरात गोष्ट रचली."

शांती त्याच्याकडं वळली. "रचली का? मंग साहेब, तुमी माह्या दारात उभं राहून म्हनलं, वाळू दे वाळू दे, मले बी दे थोड्या. ते कोन होतं? डब्बा परत नाही आला अजून माह्या घरचा."

शेठजीले खोकला आला. हासू दाबाचा खोकला.

मॅडम हासल्या नाहीत. म्हनल्या, "शांती, सगळ्या पाईपांवर टाकल्या होत्या?"

"नाही. कडूलिंबाच्या झाडाकडल्या पाईपावर नाही. तथी दुपारून सावली येते अन् वर कावळे बसतात, घान करतात. रस्त्याकडल्या पाईपावर टाकल्या, टोकापासून अर्ध्यापर्यंत."

"दाखव."

शांतीनं शेडात एकेक पाईप दाखवला. हा होय, हा नाही. पाईपाचे नंबर तिले वाचता येत नव्हते, पन कोन्या पाईपाले कुठं वाक हाये, ते तिले हातातल्या पाटल्यासारखं पाठ होतं. मॅडम म्हनल्या, "आता सगळ्यांची डीपी. शांती म्हणते तिथं निघालं अन् म्हणते तिथं नाही निघालं, तर मला दुसरं काही विचारायचं नाही. सगळे जोड प्रल्हादचेच आहेत. हात एकच, मीठ तेवढं वेगळं."

मी तवा मॅडमकडं पाह्यलं. काल त्या म्हनल्या असत्या, काढा नंबर, तर कोनी त्याहिले दोष देल्ला नसता. आज शांतीले खोटं ठरवून बी मोकळं होता आलं असतं, अन् तिचं तसंच खरं मानून बी. त्याहिनं दोन्ही नाही केलं. त्याहिनं पाईपालेच विचारलं.

आम्ही लागलो. मी पुसो, मॅडम रंग लावत, मी पुसो, मॅडम पावडर मारत. रस्त्याकडले पाईप आधी. शांतीनं जथी बोट ठेवलं होतं, तथी जोडाच्या कडेनं लाल मुळ्या निघत गेल्या. अर्ध्यापर्यंत. अर्ध्याच्या पुढं नाही. शेठजी उलट्या ड्रमावर बसले. एकेक पाईप म्हंजे त्याहिचं घर रिकामं होऊन राह्यलं होतं, पन थांबा नाही म्हनले.

मंग लिंबाकडले पाईप राह्यले. खरी परीक्षा ती होती. इथं बी लाल निघालं तर मिरच्या नाही, प्रल्हादच. प्रल्हाद पाठ करून उकिडवा बसला.

"तुमीच सांगजा वच्छलाबाई. मी नाही पाहत."

मी जोड पुसला. हातमोजे बदलून परत पुसला, कपडा पांढरा निघेपर्यंत. मॅडमनं पावडर मारली. मी वाकून पाहत राह्यली. पाय भरून आले, पाठ धरली. शांती माह्या खांद्याले धरून उभी होती, तिची नखं मले लागत होती. पांढरं. परत पाह्यलं. पांढरं. शेजारचा जोड, पांढरं. त्याच्या शेजारचा बी.

"काय दिसते वं?" शांतीनं विचारलं.

"काहीच नाही."

प्रल्हाद उठला. जोडावर नाही पाह्यलं त्यानं, शांतीकडं पाह्यलं. म्हनला, "जेवाले काय केलं?"

शेठजीनं लाल निघालेले ते सगळे पाईप कापले. घासून कोनाले देल्ले नाहीत. मोहितेनं परत एकदा ग्राइंडरचं काढलं, तर शेठजी म्हनले, "मोहिते, ज्या जागी आपल्याले जाता येत नाही, तथी आपली खोटी वस्तू पाठवाची नाही." नवीन स्टील आनलं, नवीन जोड. प्रल्हादनंच केले, सात नंबरनं. शेठजीले ते जड गेलं, हे मले त्याहिच्या गाडीवरून समजलं. कारमंधी येत ते मोटरसायकलवर येऊ लागले. पन शांतीले कोनी खोली सोड म्हनलं नाही. शेठजी तिले येवढंच म्हनले, "बाई, येवढ्या महाग मिरच्या वाशिम जिल्ह्यात कोनी खाल्ल्या नसतीन. मले बी दे जा."

मॅडमनं मात्र प्रल्हादले बोलावलं. "बायका वाळवण करणारच. ते थांबवू नको. त्यांना जागा दे."

प्रल्हादनं लोखंडाच्या अँगलचा एक उंच माचा बनवला, वर जाळी. खोल्याच्या मांगं, पाईपापासून दूर, बकरीचं तोंड पोचत नाही येवढा उंच. त्या साध्या लोखंडाच्या माच्याचे जोड बी त्यानं तसेच घातले, शिक्के ढकलल्यासारखे. मंग पंच घेतला, टोकदार, अन् कोपऱ्यात आपला सात ठोकला. इथं हळू ठोकाची गरज नव्हती. हातोडा असा मारला की शांती खोलीतून ओरडली, "अरे, पत्रे पाडतं का?"

मॅडमची पुढं बदली झाली. जाताना मले त्याहिनं आपले हातमोजे देल्ले, कोरे. म्या ते वापरले नाहीत. ते पाईप कोन्या भट्टीवर लागले, तथी पानी कसं वाहून राह्यलं, हे मी पाह्यलं नाही अन् आता पाहू बी शकत नाही. त्याचं मले वाईट वाटते. आपन पुसलेली वस्तू एकदा जागेवर पाहावी, असं कोनाले नाही वाटत?

शेठजी वारले, वर्कशॉप बंद पडलं. प्रल्हाद अन् शांती तांड्यावर गेले, जाताना माचा बैलगाडीत टाकून घेऊन गेले. औंदा उन्हाळ्यात मी त्याहिच्याकडं गेली होती. माच्याले पार गंज चढला. जाळी एकदा बदलली म्हने. वर शांतीच्या मिरच्या वाळत होत्या, ताक टपटप गळत होतं. मी सवयीनं जोडाच्या बाजूनं बोट फिरवलं, घट्ट होता. कोपऱ्यातला सात गंजानं भरला होता. पदर ओला केला अन् पुसला, तर निघाला वर.

"आता कायले पुसतं वं?" शांती म्हनली. "आता कोन तपासते?"

"राहू दे," प्रल्हाद खाटेवरून म्हनला. "पुसू दे तिले."